घाटाखाली जाणारे पाणी

चिपळूणहून कराडला निघालेला रस्ता कुंभार्ली घाट चढू लागतो, त्याच्या पायथ्याशी पोफळी आहे. रस्त्यावरून दिसतात ते मनोरे आणि तारा. खरे काम डोंगराच्या पोटात चालते. घाटमाथ्यापलीकडच्या शिवसागर जलाशयातले पाणी बोगद्यांतून इकडे येते, चारशे-पाचशे मीटर खाली कोसळते, जनित्रे फिरवते, पुढे कोळकेवाडीच्या जलाशयातून आणखी एकदा वीज देते आणि वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीत जाते. तोच घाट चढून हेळवाक, कोयनानगर, पाटण मागे टाकत कराड गाठले आणि कृष्णेच्या काठाने थोडे खाली गेले, की टेंभूचा बंधारा लागतो. इथे उलटा खेळ आहे. कोयना आणि कृष्णा यांचे एकत्र झालेले पाणी प्रचंड पंपांनी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्याच्या कोरड्या माळांकडे ढकलले जाते. या दोन ठिकाणांत शंभर किलोमीटरचेही अंतर नाही. एकीकडे पाणी सोडून वीज मिळते, दुसरीकडे वीज जाळून पाणी मिळते, आणि दोन्हीकडे पाणी कोयनेचेच असते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या पाण्याच्या भांडणाचे मूळ या दोन ठिकाणांत आहे, असे मला वाटते. ऊस की ज्वारी, सातारा की सांगली, धरणातून आवर्तन आज सोडायचे की पंधरा दिवसांनी, या साऱ्या वादांच्या आधीचा एक निर्णय आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पडणाऱ्या पाण्यापैकी किती पाणी डोंगर फोडून पश्चिमेला न्यायचे, हा तो निर्णय. तो शंभर वर्षांपूर्वी झाला, पन्नास वर्षांपूर्वी पक्का झाला आणि त्यानंतर त्याला मुळापासून कोणी हात लावला नाही.

पहिली वळणे टाटांनी घेतली. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत, कोळसा दुरून आणावा लागे आणि खंडाळ्या-लोणावळ्याच्या माथ्यावर पावसाळ्यात पाण्याचे लोट वाहत असत. वळवण, शिरवटा, लोणावळा ही धरणे बांधून इंद्रायणीच्या उगमाकडचे पाणी घाटाखाली सोडले गेले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. ठोकरवाडीच्या धरणाने आंध्रा नदी अडवून भिवपुरीला वीज झाली, १९२२ मध्ये. मग मुळशीत मुळा नदी अडवली गेली आणि १९२७ मध्ये भिरा चालू झाले. या सगळ्या नद्या भीमेच्या. त्यांचे पाणी त्यांच्या वाटेने गेले असते तर पुणे, दौंड, उजनी, पंढरपूर करत गेले असते.

मुळशीचे नाव घेतले की सेनापती बापटांचे नाव येते, आणि ते यायलाच हवे. पण धरणाविरुद्धच्या त्या लढ्यातली शेतीची बाजू हळूहळू पुसट झाली आहे. मुळशी पेट्याचे खोरे हे आंबेमोहोराचे खोरे होते. डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि खाली खाचरांत सुवासिक भात. ही खाचरे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, माती धरून मावळ्यांनी तयार केलेली. कंपनीसाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ही जमीन घेतली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातच ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे या लढ्यात होते आणि त्यांनीच नंतर त्याचा इतिहास लिहून ठेवला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याची दखल घेतली. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला.

तो का मोडला, याचे एक कारण आजही अंगावर येते. खोऱ्यातली बरीच जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. कसणारा मावळा आणि सातबाऱ्यावरचा मालक वेगळे होते. मालकाला जमिनीचे पैसे मिळणार होते, ते चांगले मिळाले की त्याचे काम संपत होते. कसणाऱ्याला भात हवा होता, आणि भाताची भरपाई कोणी देऊ शकत नव्हते. पाण्याच्या प्रत्येक वादात हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पाण्यावर हक्क कोणाचा मानायचा, कागदावर ज्याचे नाव आहे त्याचा, की ज्याचे जगणे त्या पाण्यावर आहे त्याचा?

कोयनेची गोष्ट स्वातंत्र्यानंतरची, आणि तिच्यामागे राष्ट्रउभारणीची खरी कळकळ होती. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. पुढे कराडच्या प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते. हेळवाकच्या त्या वळणाजवळ नदी आणि कोकणाचा कडा यांच्यात फारसे अंतर उरत नाही. इंजिनिअरला ती जागा पाहून जे सुचेल तेच सुचले. १९६२ मध्ये वीज सुरू झाली. पहिला व दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॉट, तिसरा ३२०, चौथा १०००, धरणाच्या पायथ्याशी ४०, असे आज एकूण १९६० मेगावॉट. १९९९ आणि २०१२ मध्ये भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून छेद देण्याचे, ‘लेक टॅपिंग’चे, अवघड काम इथल्या अभियंत्यांनी पार पाडले. त्यांच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मुंबई-पुण्याचे कारखाने, रेल्वे, घराघरांतले दिवे यांत कोयनेचा वाटा मोठा आहे.

त्याची किंमत कोणी दिली हेही लिहून ठेवले पाहिजे. जलाशयाखाली जावळी-पाटण भागातली शंभराच्या आसपास गावे गेली. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला. लोक ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरला पांगले, आणि जमिनीच्या हक्कासाठी कोयना धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून आंदोलनाला बसते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे गेली. ज्यांच्या गावावर धरण उभे राहिले त्यांच्या वाट्याला ना वीज आधी आली, ना पाणी.

आता कागद पाहू. कृष्णेच्या पाण्याचा वाद तीन राज्यांत पेटला तेव्हा बच्छावत लवाद नेमला गेला आणि १९७६ मध्ये त्याचा अंतिम निवाडा अमलात आला. महाराष्ट्राला ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० हे आकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. त्या निवाड्यातला एक भाग मात्र फार कोणी वाचत नाही. लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली. कोयनेतून सुरुवातीची दहा वर्षे वर्षाला ९७ टीएमसी, पुढची पाच वर्षे ८७, पुढची पाच ७८ आणि त्यानंतर ६७.५ टीएमसीपेक्षा जास्त नाही. टाटांच्या धरणांतून कोणत्याही एका वर्षी ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त नाही, म्हणजे सरासरीने वर्षाला बेचाळीसच्या आसपास. कोयनेचा आकडा पायरीपायरीने खाली आणताना लवादाने एक तत्त्व मानले होते. खोऱ्यातले पाणी आधी खोऱ्याच्या शेतीला, वीज त्यानंतर. वीज दुसऱ्या मार्गांनी होऊ शकते, पिकाला पाण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. १९८७ च्या राष्ट्रीय जलधोरणानेही पिण्याचे पाणी, सिंचन आणि मग जलविद्युत असाच क्रम लावला.

महाराष्ट्राने मात्र ६७.५ हा आकडा छत मानण्याऐवजी कोटा मानला. छत म्हणजे त्यापलीकडे जायचे नाही. कोटा म्हणजे तेवढे वापरायचेच. वर्ष सुकाळाचे असो वा दुष्काळाचे, १ जूनपासून कोटा मोजायला सुरुवात होते आणि तो पूर्ण करण्याचे नियोजन होते. फारच टंचाई आली तर वीजनिर्मितीला कात्री लावून पाणी पूर्वेला सोडल्याची उदाहरणे आहेत, पण ती त्या-त्या वर्षीच्या आरडाओरड्यानंतरची, बैठकीतल्या निर्णयाने झालेली. नियम म्हणून तसे कुठे लिहिलेले नाही. टाटांच्या धरणांबाबत तर तीही सवय नाही.

कोयनेचे ६७.५ आणि टाटांचे सरासरी ४२.४ धरले, तर दर वर्षी ११० टीएमसीच्या घरात पाणी पूर्वेकडच्या खोऱ्यातून पश्चिमेला जाऊ शकते. कोयना धरण काठोकाठ भरले तरी १०५.२५ टीएमसीच साठते. टेंभू योजनेची मूळ मागणी २२ टीएमसी होती, आणि तेवढ्यासाठी माणदेशाने आयुष्ये खर्ची घातली.

माणदेशाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला, त्याच खोऱ्यात, आटपाडीत पाचशेसुद्धा धड पडत नाही. खिल्लार बैल, मेंढरे, बाजरी आणि रब्बीची ज्वारी यांवर हा मुलूख जगला. न जगता आले तेव्हा बाहेर पडला. विट्या-खानापूर-आटपाडीची माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. भारतातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरातल्या सराफकट्ट्यावर या भागातला गलाईवाला भेटतो. त्या कष्टाचे कौतुक पुष्कळ झाले. पण इतक्या माणसांनी एकाच वेळी गाव सोडावे, यामागे पाऊस कमी होता एवढेच कारण नव्हते. खोऱ्यात पाणी होते, ते त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

हे पहिल्यांदा स्पष्टपणे मांडले ते इथल्याच चळवळींनी. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात लोकांनी येरळा नदीतल्या वाळूच्या विक्रीचा प्रश्न हाती घेऊन बळीराजा धरण उभारले आणि त्याचे पाणी सर्वांना सारखे वाटायचे ठरवले. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांच्या पुढाकाराने सातारा-सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत भरू लागली. हजारो माणसे, निम्म्याहून कमी नसतील अशा बाया, भर उन्हात बसून टीएमसीचा हिशेब ऐकत. त्यांची मागणी दोन भागांत होती, आणि दुसरा भाग पहिल्याहून मोठा होता. कृष्णेचे पाणी आमच्याकडे आणा, हा पहिला. आणलेले पाणी जमिनीच्या आकारावर न वाटता प्रत्येक कुटुंबाला सारखे वाटा, भूमिहीनालाही द्या, हा दुसरा.

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम हाच होता. माणशी अर्ध्या एकराला पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांचाही हिस्सा, आणि ऊस लावायचा नाही. १९७९ मध्ये दांडेकर-देऊस्कर-देशमुख समितीने राज्यभरासाठी आठमाही सिंचनाची शिफारस केली, म्हणजे बारमाही उसाला पाणी बांधून न घालता खरीप-रब्बीत ते जास्त शेतकऱ्यांपर्यंत न्यावे. महाराष्ट्राकडे शहाणपणाची कमतरता कधीच नव्हती.

१९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. लवादाच्या फेरविचाराची मुदत मे २००० होती आणि त्याआधी आपले पाणी अडवले पाहिजे, म्हणून एकाच वेळी चोहीकडे कामे काढली गेली. पैसा अपुरा आणि कामे अमाप, त्यामुळे कालवे अर्धवट राहिले. टेंभूचे, आणि त्याआधी आखलेल्या ताकारी-म्हैसाळचे पाणी वाट पाहायला लावत लावत, एकेक टप्प्याने पोचले. आज आटपाडीत डाळिंबाच्या बागा दिसतात, तलावांत पाणी सोडलेले दिसते. ज्यांनी तो भाग वीस वर्षांपूर्वी पाहिला आहे त्यांना हा बदल किती मोठा आहे ते कळेल. जत तालुक्याच्या पूर्वेकडची गावे मात्र इतकी मागे राहिली, की पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा तिथे झाली. २०२२ च्या हिवाळ्यात सीमावाद पेटला असताना कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या हद्दीत सोडून दाखवले. मराठी शेतकऱ्याच्या तळ्यात पाणी यावे आणि ते शेजारच्या राज्याने चिमटा काढण्यासाठी सोडलेले असावे, ही महाराष्ट्राला लाज वाटावी अशीच गोष्ट होती.

पाणी आले तरी त्याचे वीजबिल येते. थकबाकी वाढली की पंप बंद, आणि पिके वाळायला लागली की आंदोलन, असे कित्येक उन्हाळे गेले. शेवटी बिलाचे ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे असे ठरले. त्यामुळे दिलासा मिळाला हे खरे. पण या बिलाकडे ‘दुष्काळी भागाला दिलेले अनुदान’ म्हणून पाहिले जाते, ते मला पटत नाही. त्यासाठी थोडे गणित मांडतो.

एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. ते पोफळी आणि कोळकेवाडी मिळून सहाशे मीटरच्या आसपास खाली उतरते असे धरले, तर त्यातून साधारण ४ कोटी युनिट वीज होते. तेच एक टीएमसी पाणी १०० मीटर वर चढवायला सव्वा कोटीच्या आत युनिट लागतात. म्हणजे घाटाखाली जाणाऱ्या एका टीएमसीच्या विजेत तेवढेच पाणी तीनशे मीटर उंच चढवता येईल. आता शेताकडे या. रब्बी ज्वारीला दोन-तीन संरक्षित पाळ्या द्यायच्या, आणि वाटेतली निम्मी गळती धरायची, तरी एका टीएमसीत सात हजार हेक्टर ज्वारी निघते. उसाला दिले तर गळती धरून जेमतेम हजार हेक्टर. ही माझी मोजणी ढोबळ आहे, कोणीही वही-पेन घेऊन ती तपासावी. पण चार कोटी युनिट आज कोळशाशिवाय, पाण्याशिवाय, ज्या माळावर कुसळे उगवतात तिथे सूर्यप्रकाशातून मिळू शकतात. सात हजार हेक्टर ज्वारी दुसऱ्या कशातूनही मिळत नाही.

वीज मंडळींची बाजू ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. कोयनेची जनित्रे काही मिनिटांत चालू होतात आणि काही मिनिटांत थांबतात. संध्याकाळी सात वाजता राज्यभरात एकदम मागणी चढते, तेव्हा औष्णिक केंद्र इतक्या चपळाईने धावू शकत नाही, आणि सूर्य तर मावळलेला असतो. कोयना नसती तर भारनियमनाची वर्षे आणखी कठीण गेली असती. मान्य. पण संध्याकाळच्या तीन-चार तासांसाठी पाणी कायमचे समुद्राला देण्याची आता गरज उरलेली नाही. उदंचन जलविद्युत म्हणतात ती पद्धत हेच काम पाणी न गमावता करते. दिवसा स्वस्त सौर विजेवर पाणी वर चढवायचे, संध्याकाळी खाली सोडायचे, आणि तेच पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवायचे. भिऱ्याला असा १५० मेगावॉटचा संच कित्येक वर्षे चालू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये भिवपुरीला १००० आणि शिरवट्याला १८०० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांसाठी राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला. ही मोठी संधी आहे. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवून वीज मिळणार असेल, तर त्या बदल्यात घाटाखाली सोडायचे किती पाणी कमी होणार, हे करारातच लिहिले गेले पाहिजे. नाहीतर वीज दुप्पट होईल आणि भीमेकडे एक थेंबही वाढीव जाणार नाही.

कोकणाचाही प्रश्न येतो. पोफळीतून उतरलेले पाणी वाशिष्ठीत वर्षभर वाहते, चिपळूणची आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीची तहान भागवते. पश्चिमेचे वळण कमी केले तर कोकणावर अन्याय नाही का? ज्या जिल्ह्यात हे पाणी जाते त्याच जिल्ह्याच्या डोंगरवाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात, आणि सिंचनात कोकण राज्यात सगळ्यात मागे आहे. साठ वर्षे एवढे पाणी दारावरून गेले आणि शेतीला त्यातले नगण्यच मिळाले. कोकणाला हवे आहे त्याच्या हक्काचे आखीव पाणी आणि ते वाडीपर्यंत नेणारी योजना. त्यासाठी ६७.५ टीएमसी लागत नाही.

आणि आता कठीण भाग, जो घाटावरच्या माणसाने घाटावरच्याच माणसांना सांगायचा आहे. उद्या कोयनेचे वीस-पंचवीस टीएमसी पूर्वेला वळले आणि ते नदीकाठच्या उसात जिरले, तर काहीही साधले जाणार नाही. पायथा विद्युतगृहाची दोन्ही युनिटे चालू होऊन २१०० क्युसेक पाणी नदीत आले की वाटेतल्या हजारो मोटारी चालू होतात. कालव्याच्या टेलला बसलेल्या शेतकऱ्याला पाटकऱ्याची वाट पाहण्याखेरीज काही उरत नाही. आधीच पाणी असलेल्याला आणखी पाणी मिळणे, हेच पाऊणशे वर्षे चालले आहे. उसाचा शेतकरी माझा शत्रू नाही. हमी भाव आणि खात्रीचे गिऱ्हाईक असलेले त्याच्यापुढचे ते एकच पीक आहे. ज्वारी, डाळी, तेलबियांना तसा बाजार उभा केला नाही, तोवर त्याला ऊस सोड म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण नव्याने मिळवलेल्या पाण्यावर तरी पहिल्या दिवसापासून वेगळा नियम लागला पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी मागाव्या लागतील, आणि त्या एकत्रच मागाव्या लागतील. ऑक्टोबरअखेर धरणसाठा आणि पूर्वेकडच्या तालुक्यांतला पाऊस पाहून त्या वर्षीचे पश्चिमेचे पाणी ठरवण्याचा लेखी नियम हवा. कमी पावसाच्या वर्षी पहिली कात्री विजेला, आणि ती बैठकीत नव्हे तर नियमाने लागावी. कोयनेसाठी हे राज्याच्या हातात आहे, कारण पश्चिमेकडे जाणारे पाणी महाराष्ट्राच्याच वाट्यात धरलेले आहे. भीमेच्या खोऱ्यातील वापरावर लवादाच्या मर्यादा आहेत, तिथे कर्नाटकाशी बोलावे लागेल. तो प्रश्न अवघड आहे म्हणून त्याला बगल देऊ नये. दुसरे, असे वाचलेले पाणी बंदिस्त नळातून आणि कुटुंबागणिक मोजून द्यावे, ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही त्याचा हिस्सा मिळावा; तो त्याने खंडाने घेतलेल्या शेतात वापरावा, चाऱ्याला वापरावा, त्याची मर्जी. आणि तिसरे, उपसा योजनांना लागणारी वीज त्यांच्याच माळांवरच्या सौर प्रकल्पांतून यावी, म्हणजे बिलाच्या थकबाकीवरून पंप बंद करण्याची वेळ येणार नाही.

२००५ पासून आपल्याकडे जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. समन्यायी वाटपाचा शब्द त्याच्या कायद्यात आहे. २००३ च्या जलधोरणात उद्योगाला शेतीच्या आधी बसवले होते, ते लोकांच्या रेट्यामुळे २०११ मध्ये बदलावे लागले. म्हणजे पाण्याचा क्रम बदलता येतो हे या राज्याने एकदा पाहिले आहे. यंदा आपल्या आमदाराला, आपल्या पाणीवापर संस्थेच्या सभेत, आपल्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत एकच प्रश्न विचारा: या वर्षी घाटाखाली किती टीएमसी गेले, आणि ते कोणी ठरवले? उत्तर आकड्यात मागा आणि लेखी मागा.